मागच्या खोलीतलं मंठा स्टेशन

मंठ्याला रेल्वे नाही. गाडी धरायची तर परतूर गाठावं लागतं, परतूर गाठायचं तर बस धरावी लागते, आणि त्या बसविषयी मी इथे बोलत नाही, कारण मूळ विषय राहून जाईल. रेल्वे येणार येणार असं मी नवी नवरी म्हणून या गावात आले तेव्हापासून ऐकते आहे. तेव्हा काळे असलेले केस आता मेंदीवर आहेत. शेवटी वाट बघून कंटाळले आणि मीच आणली. आमच्या मागच्या खोलीत, प्लायवूडवर.

यात संशय घेण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. लोक पत्ते कुटतात, कबुतरं पाळतात, मोबाइलवर अनोळखी माणसांशी देशाच्या भवितव्यावरून भांडतात. मी रूळ टाकते. वीतभर इंजिन, त्यामागे मालगाडीचे डबे आणि शेवटी एक प्रवाशांचा, खऱ्यापेक्षा सत्याऐंशी पट लहान. पण लहान म्हणजे खोटे नव्हेत. खरे डबे गंजतात, म्हणून मी माझ्या डब्यांना गेरू आणि चहाचं पाणी लावून गंजवते. रुळांखालची खडी म्हणजे चाळलेली वाळू. ती मी चहाच्या गाळणीने चाळली, आणि त्याच गाळणीने नंतर चहा गाळला की नाही यावर आमच्या घरात आजही दोन मतं आहेत. गवत म्हणजे हिरव्या रंगात भिजवून वाळवलेला लाकडाचा भुसा. तो जराशा वाऱ्याने उडतो. म्हणून दुपारी पंखा बंद करून, खिडकी लावून, दाराला आतून कडी घालून बसावं लागतं.

बस्स, ती कडी नडली.

आमच्या गल्लीत सगळं उघड्या दाराने होतं, भांडणंसुद्धा. भर दुपारी आतून कडी घालणारी बाई एक तर आजारी असते, नाहीतर तिच्याकडे सोनं असतं. मी आजारी दिसत नव्हते.

आता यजमानांविषयी थोडं सांगणं भाग आहे, कारण पुढचं सगळं त्यांच्या नोकरीवर उलटलं. नरहरराव भूमी अभिलेख कार्यालयात भूकरमापक आहेत, म्हणजे लोकांच्या जमिनी मोजून हद्दी दाखवतात. सगळा जन्म दुसऱ्यांच्या बांधावर गेला. बांधाच्या दोन्ही बाजूंना दोन सख्खे भाऊ उभे राहतात, दोघंही म्हणतात "ह्यानं दगड हलवला," आणि दोघंही खरं बोलत असतात. वर्षानुवर्षं हे बघितलेल्या माणसाचा विश्वास कुणावर राहणार? घरात दूध उतू गेलं तरी ते आधी त्या वेळी कोण कोण हजर होतं ते विचारतात. पण मोजणीला गेल्यावर कुणाचा चहासुद्धा त्यांनी कधी घेतला नाही. पाण्याची बाटली घरून नेतात. एवढं एक नाव त्यांनी जपलंय.

प्लायवूड घरात आलं त्या दिवशी ते दारातच थांबले.

"आत काय चाललंय ते मला दाखवू नकोस."

"अहो, रेल्वे आहे."

"सांगूही नकोस. उद्या कुणी विचारलं, तर मला माहीत नाही असं खरं खरं म्हणता आलं पाहिजे."

संसारात नवरा-बायकोने एकमेकांपासून काही लपवू नये म्हणतात. आमच्याकडे लपवण्याची लेखी नसली तरी तोंडी परवानगी होती.

गल्लीतला पहिला संशय पार्सलांवर गेला. मी बाजारात गेले की कुरियरवाला पार्सल शेजारच्या उषाबाईंकडे ठेवायचा. उषाबाई ते माझ्याकडे देण्याआधी दाबून, हलवून, कानाशी धरून बघायच्या. डॉक्टरला लाज वाटावी इतकी तपासणी.

"वजनाला जड हाय, पर आवाज बारीक येतो," त्या म्हणाल्या. "लोखंडाचं कायतरी असंल."

"रूळ आहेत."

"कशाला?"

"रेल्वेला."

उषाबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, की खरं बोलल्याची मला लाज वाटली.

आता माझी एक खोड सांगते. मला मनाने काही करता येत नाही. व्हिडिओत बघितलं होतं, परदेशातली माणसं कुठले कुठले बर्फाचे डोंगर करतात. मी बर्फ बघितला तो उसाच्या रसवंतीवर. म्हणून रोज सकाळी मी फिरायला जाते तोच गावाबाहेरचा पट्टा घ्यायचं ठरवलं. आधी ओढा. ओढ्याच्या काठाला एकटा कडुनिंब, त्याच्याजवळ कडूबाची विहीर. पुढे मेंढपाळ बिरू आणि त्याची बायको आशाबाई यांचं वावर, त्यात काट्यांचं कुंपण घातलेला मेंढ्यांचा वाडा. आणि डांबरी रस्त्याला लागून रखमाजींचं गुलाबी मंगल कार्यालय.

विहीर खोकल्याच्या औषधाच्या टोपणाची केली. कडुनिंब तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्यांचा, देवाची माफी मागून. मंगल कार्यालय रखमाजींच्याच घरच्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचं. रंग इतका तोच होता की वेगळा द्यावा लागला नाही. बिरू मेणाचा, खांद्यावर घोंगडीच्या जागी काळ्या लोकरीचा धागा. मेंढ्या कापसाच्या, टाचणीच्या पायांच्या. शेवटी पिवळी पाटी लावली, मंठा, आणि लांब उभी राहून बघत बसले. डोळे थोडे किलकिले केले की मी सकाळी फिरायलाच निघाल्यासारखं वाटायचं. अंगावर काटा आला म्हटलं तर लोक हसतील, पण आला.

अडचण एकच होती, वळण. प्लायवूड काही एकरात नसतं. रूळ कुठेतरी वळवून परत आणावे लागतात, आणि वळण आखूड झालं की इंजिन रूळ सोडून सरळ ओढ्यात उतरतं. बऱ्याच वेळा उतरवून झाल्यावर एकच जागा सापडली, जिथून ते बेताबेताने जात होतं. ती जागा आशाबाईंच्या मेंढ्यांच्या वाड्यातून जायची. वाडा उचलून मी थोडा मागे ठेवला, मधून रूळ नेले, तिथेच पुठ्ठ्याचं स्टेशन बसवलं. त्या वेळी मला वाटलं, मी फक्त वळण काढलंय.

उषाबाई विरजण मागायला आल्या आणि मी कडी विसरले होते. त्या तशाच आत आल्या. हातातली वाटी तशीच धरून त्यांनी सगळं बघितलं. प्रथम विहीर. मग कडुनिंब. मग मंगल कार्यालय. मी कौतुकाची वाट बघत उभी. उषाबाई बोलत असतात तोवर जग सुरक्षित असतं. त्या गप्प झाल्या की समजायचं, पेरणी चालू आहे.

"ही कडूबाची इहीर," त्या हळूच म्हणाल्या.

"हो," मी फुलून म्हणाले. "ओळखलीत ना?"

"आन् ही रेघ रेल्वेची."

"हो."

"सायबांनी आणला का नकाशा?"

"कसला नकाशा? मी माझ्या डोळ्यांनी बघून केलंय."

"बरं बरं," विरजण न घेताच त्या वळल्या. "न्हाई सांगायचं तर नका सांगू. आम्ही काय कुणाला सांगत न्हाई."

इथे परगावच्या वाचकाला एक सांगायला हवं. मागे रस्त्यासाठी जमिनी गेल्या, तेव्हा ज्याच्या शेतातून मोजणीची रेघ गेली त्याच्या दारात नवी गाडी उभी राहिली, आणि ज्याच्या बांधाला घासून गेली तो अजून त्या रेघेला शिव्या देतो. तेव्हापासून आमच्याकडे नकाशावरची रेघ आणि देवाचा कौल यांत फार फरक राहिलेला नाही. अशा गावात मोजणीवाल्याच्या बायकोने दाराला कडी लावून, ओळखू येणाऱ्या विहिरीशेजारून रेल्वेची रेघ ओढली होती. मी स्वतः उषाबाई असते, तर मीही विरजण विसरले असते.

सगळ्यात आधी कडूबा आला. हातात मोसंबीची पिशवी.

"काकू, तुमची ती रेघ माझ्या इहिरीवरून जाऊ द्या."

"अरे, विहीर बुजेल की."

"बुजू द्या. आटलेलीच हाय. पर इहिरीचा मोबदला येगळा धरतेत. तिथून दोन बोटावर तर हाय."

"कडूबा, हे प्लायवूड आहे. लाकूड."

"तेच म्हंतो मी. आजून लाकडातच हाय, तवर बदलता येतंय. एकदा कागदावर गेलं की काय खरं न्हाई."

मी हसून त्याला चहा दिला. त्याने चहाच्या गाळणीकडे जरा बघितलं, पण प्याला. जाताना विचारून गेला, की रिकाम्या तुकड्यात मोसंबीची रोपं आत्ता लावली तर मोजणीपर्यंत झाडं म्हणून धरतात का. पिशवी दारातच राहिली.

संध्याकाळी नरहररावांना पिशवी दिसली आणि त्यांच्या कपाळाची शीर उडायला लागली. त्यातल्या काही मोसंब्यांचा रस मी काढला होता, आणि अर्धा पेला त्यांनीही घेतला होता, कुठून आल्या ते न विचारता. ज्या माणसाने जन्मात कुणाच्या बांधावरचा चहा घेतला नाही, त्याच्या पोटात कडूबाची मोसंबी गेली होती. ते तडक बाजारात गेले, तेवढी मोसंबी विकत आणून पिशवी भरली आणि कडूबाच्या घरी देऊन आले. पिशवी परत जाताना गल्लीने बघितली. गल्लीने काढलेला निष्कर्ष असा, की कडूबाची मोसंबी कमी पडली.

त्याच आठवड्यात इंजिन पुन्हा ओढ्यात पडलं, म्हणून मी रूळ जरासे विहिरीच्या बाजूला सरकवले. निव्वळ वळणासाठी. दुसऱ्या दिवशी गल्लीचं मत दुरुस्त झालं: कडूबाची मोसंबी पोचली.

मग माणसं यायला लागली. कुणी शेवग्याच्या शेंगा आणल्या, कुणी बाळाला दाखवायला म्हणून आलं आणि बाळाला दारात विसरून खोलीत घुसलं. मी ज्याला त्याला सांगत होते, हे खेळणं आहे, छंद आहे, सरकारशी याचा काही संबंध नाही. आणि जितक्या कळवळून सांगत होते, तितकी माणसं समजूतदारपणे मान हलवत होती. एकाने तर जाताना मला धीर दिला, "बराबर हाय काकू, तुम्हाला असंच बोलावं लागतं."

आशाबाई मात्र काही आणत नव्हत्या. त्या रोज सकाळी आमच्याकडे दूध घालतात. त्या दिवशी दूध मापून झालं तरी उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

"काकू, ती रेल्वे आमच्या वाड्यावरून जाऊन राह्यली म्हंत्यात."

मी त्यांना आत नेलं. त्यांनी पदर हातात गोळा केला, कशाला लागू नये म्हणून, आणि वाकून बघितलं. विहीर बघितली, ओढा बघितला, मग वाडा.

"ह्या पांढऱ्या मेंढ्या कुणाच्या?"

"कापसाच्या आहेत हो."

"आमच्या तर काळ्या हायेत."

"मग बघा," मी संधी साधली. "म्हणजे हे तुमचं नाहीच."

"मंग आमच्या कुठं गेल्या?" आशाबाईंनी विचारलं.

मग त्यांनीच सगळं सांगितलं. रखमाजी बिरूकडे दोनदा येऊन गेले होते. रखमाजींचा मूळ धंदा जमिनीचे व्यवहार, मंगल कार्यालय हौसेचं. ते बिरूला म्हणाले होते, रेल्वेत वावर जाणार ते जाणारच, तुला कचेऱ्यांचे उंबरे झिजवणं जमणार नाही, माझ्या नावावर करून दे, मी बघतो. बिरू तयार झाला होता. बाजाराच्या दिवशी इसाराचे आगाऊ पैसे देऊन कागद व्हायचा होता.

"ते वावर गेलं तर मेंढरं कुठं बसवू मी? पावसाळ्यात लोक रानात येऊ देत न्हाईत," आशाबाई म्हणाल्या. "मालकाला म्हणलं, आधी काकूंना विचारू. खरं सांगा. गाडी यायलीय का?"

"आशाबाई, देवाशपथ सांगते, हे खोटं आहे. मी खेळायला केलंय."

त्यांनी माझ्या मेंदी लावलेल्या केसांकडे बघितलं.

"तुम्ही तसंच सांगणार," त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता, म्हणूनच ते मला फार लागलं.

बिरूला पटवायला मी त्याला दुसऱ्या दिवशी बोलावलं. तो आला, आशाबाई आल्या, आणि कोणी न बोलावता रखमाजी आले, पांढऱ्या कपड्यांत, हातात दोन मोबाइल. मी गाडी सुरू केली. ती स्टेशनातून निघाली, ओढ्यावरून गेली, कडुनिंबाला वळसा घालून परत स्टेशनात आली. पुन्हा निघाली.

बिरू बराच वेळ बघत होता.

"काकू, ही जाती कुठं?"

"कुठेच नाही. फिरून तिथेच येते."

"मंग बसायचं कशाला?"

"तेच तर. अशी गाडी कुणी काढेल का? सरकार काढेल का?" मी जिंकल्यासारखं बिरूकडे बघितलं.

"वहिनी," रखमाजी समजुतीने म्हणाले, "सरकारच काढंल."

बिरूने मान हलवली. मी गाडी बंद केली. रखमाजी स्टेशनाजवळ वाकून कुठून कुठपर्यंत जागा लागेल ते बोटांनी मोजत होते. मी इतक्या निगुतीने गंजवलेले डबे त्यांच्या मनगटाला लागून आडवे झाले, तिकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

त्याच संध्याकाळी नरहरराव घरी आले ते बूट न काढताच खुर्चीत बसले. कुणीतरी वर तक्रार केली होती, की मोजणीवाले साहेब रेल्वेचा आराखडा घरी ठेवून लोकांना दाखवतात आणि फळं घेऊन रूळ हलवतात. चौकशीला एक साहेब येणार होते. बाजाराच्याच दिवशी. संकटंसुद्धा आमच्याकडे बाजार बघून येतात.

"मी उचलून माळ्यावर टाकते सगळं," मी म्हणाले.

"वेडी आहेस का? पुरावा नष्ट केला म्हणतील."

"मग?"

"जैसे थे. एक काडी हलवायची नाही." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मला फक्त एवढं सांग, त्यात ओळखू येण्यासारखं काही आहे का?"

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कामाविषयी त्यांनी प्रश्न विचारला होता, आणि त्याचं खरं उत्तर त्यांचं नाव बुडवणारं होतं. मी कांदा चिरायला घेतला. कांद्याचा असा उपयोग स्वयंपाकाच्या पुस्तकात लिहीत नाहीत.

रात्रभर विचार केला वगैरे म्हणणार नाही. मला झोप चांगली लागते. सुचलं ते सकाळी फिरताना. मंगल कार्यालयासमोर रखमाजी उभे होते आणि रंगाऱ्याला वरच्या मजल्यावर दुसरा हात मारायला सांगत होते. गुलाबीवर गुलाबी. माणूस त्या भिंतीकडे असा बघत होता, जसं मी माझ्या प्लायवूडकडे बघते. एवढं प्रेम मी त्यांच्या तोंडावर आधी कधी बघितलं नव्हतं. आणि मला वळणाची आठवण झाली.

वळण आखूड पडतं, कारण ते मी आतून घेतलं होतं. बाहेरून घेतलं तर मोठं होईल. बाहेर मंगल कार्यालय होतं.

घरी येऊन कडी घातली. जैसे थे मोडलं. बिरूच्या वावरातले रूळ उपटले, खडी ब्रशने झाडली, स्टेशन काढलं, वाडा जिथल्या तिथे ठेवला. मग ब्लेड घेऊन रखमाजींचं मंगल कार्यालय मधोमध चिरलं आणि जेवणाच्या हॉलमधून रूळ नेले. गाडी सोडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती एकदाही न अडखळता गेली. डबे गुलाबी भिंतीतून आत शिरत होते आणि नवरदेवाच्या खोलीजवळून बाहेर पडत होते. मी काही वेळ कामापुरती नाही, नुसतीच बघत बसले.

मग उषाबाईंकडे गेले. राहिलेलं विरजण दिलं आणि म्हणाले, "रेघ बदलली हो. रखमाजींच्या हॉलमधून जातेय. पण कुणाला बोलू नका."

बाजाराच्या दिवशी चौकशीचे साहेब आले. सडपातळ, सावध, चपला बाहेर काढाव्यात की नाही या विचारात थोडे अडकलेले. नरहरराव भिंतीला टेकून उभे होते. आजवर दुसऱ्यांच्या घरात पंचनामा करायला ते उभे राहिले होते. स्वतःच्या घरात कुठे उभं राहायचं ते त्यांना कळत नव्हतं. साहेब वाकून बघतात तोच दारात रखमाजी. मागे बिरू, आशाबाई आणि काहीच माहीत नसल्यासारख्या उषाबाई. रखमाजींच्या खिशातून इसाराचा कागद डोकावत होता.

रखमाजींनी आधी प्लायवूडकडे बघितलं. चिरलेल्या हॉलकडे बघितलं. त्यांचा चेहरा हॉलच्या रंगाचा झाला.

"साहेब," ते म्हणाले, "हे काय बघून राह्यले तुम्ही? खेळणं हाय हे."

"तुम्हाला माहीत आहे?"

"बिलकुल. वहिनींना छंद हाय. सगळ्या गल्लीला माहीत हाय. लेकराबाळांचा खेळ. ह्याच्यावरून कुणी रेल्वे काढतं का?"

"लोक म्हणतात, जमिनी ओळखू येतात."

"कुठं येत्यात? ही इहीर म्हंता का? औषधाचं बूच हाय ते. आन् हे," त्यांनी चिरलेल्या हॉलवर हात ठेवला, "हे तर पुठ्ठं हाय. ह्याच्यातली कोणतीच गोष्ट मंठ्यात न्हाई."

"रखमाजी," बिरू मागून म्हणाला, "मंग इसार?"

"कसला इसार? खेळण्यावरून कुणी वावर घेतं का?" रखमाजींनी कागद खिशात आणखी खाली दाबला.

आशाबाईंनी हातातला पदर सोडला. एवढंच. पण मी बघितलं.

साहेबांनी पंचनामा लिहायला घेतला. रखमाजी पंच म्हणून पुढे आले, इतक्या उत्साहाने की साहेबांना त्यांचाच संशय यायला लागला. उषाबाई दुसऱ्या पंच. मग साहेब माझ्याकडे वळले.

"बाई, हे ठिकाण कुठलं आहे?"

मी कडुनिंबाकडे बघितलं. त्याची एक फांदी ओढ्यावर झुकलेली आहे, ती तशीच झुकवायला मला दोन तुळशी लागल्या होत्या. विहिरीचा एका बाजूने ढासळलेला कठडा. बिरूच्या खांद्यावरचा धागा. नरहरराव जमिनीकडे बघत होते.

"कुठलंच नाही," मी म्हणाले. "मनाने केलंय."

साहेबांनी लिहिलं: सदर वस्तू खेळणे असून कोणत्याही प्रत्यक्ष ठिकाणाशी तिचे साम्य आढळून येत नाही. आणि मला त्याखाली सही करायला लावली. सुबक अक्षर होतं साहेबांचं.

साहेब गेले, रखमाजी गेले, जाताना म्हणाले, "वहिनी, तेवढं हॉलमधून काढून टाका, बरं दिसत न्हाई." नरहररावांनी दार लावलं, बूट काढले, आणि खूप दिवसांनी जेवताना मीठ कमी आहे असं म्हणाले. म्हणजे सगळं पूर्ववत झालं होतं. मी मात्र तीन-चार दिवस मागच्या खोलीत गेले नाही. नाव वाचलं, वावर वाचलं, मग रुसायचं कशावर? पण कुणी कागदावर लिहून दिलं की तुमचा मुलगा तुमच्यासारखा दिसत नाही, तर ते खरं नसलं तरी खुपतं ना, तसं ते खुपत होतं.

मग एका सकाळी दूध मापून झाल्यावर आशाबाई पुन्हा उंबऱ्यात थांबल्या.

"काकू, ती गाडी खरीच न्हाई ना?"

"नाही."

"बिलकुल?"

"सरकारी शिक्क्याने नाही, आशाबाई."

"मंग आमच्या वावरातूनच न्या की."

मी दुधाचं पातेलं खाली ठेवलं.

"खरी नको. ही न्या. आन् थांबली पायजे." त्यांनी दुधाचं माप हातातल्या हातात फिरवलं. "अंजू नांदेडला दिल्ती ना आमची. परतूरला उतरती, मंग बसची वाट बघती, इथं येईस्तोवर दिवस बुडतो. हितं उतरली तर मला वाड्यातूनच दिसंल." मग पदराच्या गाठीतून काळ्या लोकरीचा बोळा काढून त्यांनी माझ्या हातात दिला. "पांढऱ्या बऱ्या दिसत न्हाईत."

दुपारी कडी घालून मी कामाला बसले. रखमाजींचा हॉल डिंकाने जोडला, सांधा दिसू नये म्हणून पत्रिकेतल्या गणपतीच्या बाजूचा पुठ्ठा लावला. रूळ वाड्याकडे नेले. त्या बाजूला प्लायवूडची एक फळी वाढवली, म्हणजे वळणही मोठं राहिलं आणि मेंढ्यांना जागाही. फलाट एवढासा केला, एक माणूस उतरू शकेल एवढाच. मेंढ्या काळ्या केल्या.

दारावर टकटक झाली. नरहरराव होते. आत आले, मागे दार लावलं, कडी घातली, खिडकीजवळ जाऊन बाहेर कोणी आहे का बघितलं. उषाबाई वाळवण घालत होत्या. नरहररावांनी पडदा सारला. मग प्लायवूडजवळ आले आणि मोजणीला उभे राहतात तसे उभे राहिले, एक डोळा मिटून. बराच वेळ. ओढ्यावरून, कडुनिंबावरून, विहिरीवरून त्यांची नजर सावकाश गेली, जमिनीवर माप टाकतात तशी.

"ओढा जरा पूर्वेला सरकव," ते म्हणाले.

"कुठून?"

"झाडापासून. तू जवळ घेतलास."

मी मान हलवली. ते आणखी थोडे वाकले.

"बाकी बरोबर आहे," ते म्हणाले.

दुसऱ्यांच्या बांधांवर सगळा जन्म घालवलेल्या माणसाच्या तोंडून हे शब्द दोन भावांपैकी एकालाही कधी ऐकायला मिळाले नव्हते.

"आणि हे मी बघितलेलं नाही," असं म्हणून त्यांनी कडी काढली.

दाराच्या वाऱ्याने थोडं गवत उडालं. मी ते गोळा केलं, आणि ओढा पूर्वेला सरकवला.